‘सर्वांना प्रवेश खुला’

(दांडी इथल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढं विषय लिहिलाय : विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातली पाहुण्या संशोधकांची व्याख्यानं. तो वाचून सकाळपासून चारजणांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, कवी, डोकं ठिकाणावर आहे ना? इथं खाडीत तारापूर एमआयडीसीच्या कारखान्यांचं पाणी मुरलंय, मासळीचा धंदा बसत चाललाय, आपली पोरं ठेकेदाराच्या हजेरीवर बारा-बारा तास खपतायत, आणि तू आम्हाला प्रोटॉन-न्यूट्रॉन सांगणार?

सांगणार. आणि दांडीतच सांगणार. या देशात भौतिकशास्त्राची किंमत ज्यांनी जमिनीनं आणि घामानं मोजली, त्यांत या किनारपट्टीचा नंबर बराच वरचा आहे. इथून थोडं उत्तरेला गेलात की तारापूरचं अणुशक्ती केंद्र. देशातलं पहिलं. १९६९ साली त्याच्या दोन भट्ट्यांची वीज विकायला लागली. पुढं ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. त्यातली चौथी २००५ साली चालू झाली, तिसरी २००६ साली. गाव उठवायचं तेव्हा नोटिसा येतात, मोजणीदार येतात, भरपाईचे कागद येतात. पण एखादा भौतिकशास्त्राचा मास्तर आला, खडू घेऊन उभा राहिला आणि त्या भट्टीच्या पोटात नेमकं काय घडतं हे त्यानं गावाला फळ्यावर काढून दाखवलं, असं झालं का? इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. मग मला सांगा, हा विषय दांडीचा आहे की नाही.

आता पाहुण्याचं व्याख्यान हा प्रकार काय असतो ते समजून घ्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कॉलेज पाहिलंय, पण हा हॉल पाहिलेला नाही. वर्गात मास्तर शिकवतो ते पुस्तकातलं. पुस्तकातलं म्हणजे भांडून संपलेलं, निकाल लागलेलं. पाहुण्याच्या व्याख्यानात भांडण चालू असतं. आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बुधवारचं कलोक्वियम वर्षानुवर्षं चालत आलंय. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांतही अशीच व्याख्यानं होतात. बाहेरगावचा, कधी बाहेरदेशचा संशोधक येतो. आपण सध्या काय करतोय, कुठं अडलोय, कुठला आकडा जुळत नाही, हे तासभर सांगतो. मग प्रश्न. खरा मामला या प्रश्नांचाच. बावीस वर्षांची पोरगी उठते आणि साठीच्या प्रोफेसराला म्हणते, सर, तिसऱ्या चित्रातली तुमची रेघ चुकलीय. आणि प्रोफेसराला उत्तर द्यावं लागतं. तिचं वय काढून चालत नाही, तिचा बाप कोण हे विचारून चालत नाही. निदान नियम तरी असा आहे. अशी दुसरी जागा मला दाखवा. पक्षाच्या बैठकीत नाही, युनियनमध्ये नाही, आणि रागावू नका, आपल्या चळवळीतही नाही.

त्या हॉलमध्ये आणखी एक गोष्ट होते, जी नोटिशीवर छापत नाहीत. व्याख्यान संपलं की चहा. चहाच्या कपावर पाहुणा एखाद्या पोराला विचारतो, प्रश्न चांगला होता, काय करतोस तू? उन्हाळ्यात आमच्याकडे ये दोन महिने. तिथून शिफारसपत्र, तिथून पीएचडी, तिथून नोकरी. म्हणजे जो हॉलमध्ये, तो रांगेत. जो हॉलबाहेर, त्याला रांग लागलीय हेच कळत नाही. मग हेच लोक म्हणतात, तुमच्यातली पोरं अर्जच करत नाहीत हो.

आता ती नोटीस बघा. तिच्या तळाशी पुष्कळदा एक ओळ असते : सर्वांना प्रवेश खुला. ही ओळ वाचली की मला महाड आठवतं.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोल्यांनी ठराव आणला आणि तो पास झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. आणि पुढची तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी आपल्या माणसाच्या ओंजळीत आलं नाही. तळं खुलं होतं, फक्त जायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्यांनी कुणाकडं नवा हक्क मागितला नाही. जो ठराव सरकारच्या दप्तरात धूळ खात पडला होता, तो त्यांनी ओंजळीनं अंमलात आणला.

भौतिकशास्त्राचा हॉल हे आजचं तसलंच एक तळं आहे. सरकारी पैशाचं, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशाचं. आता त्याच्या काठावर दंडुका घेतलेला कुणी उभा नसतो. राखण वेगळ्या गोष्टी करतात. एक, वेळ. कामाच्या दिवशी दुपारी चार. त्या वेळेला कारखान्यातला पोरगा मशीनवर असतो आणि धुणीभांडी करून शिकणारी पोरगी दुसऱ्याच्या मोरीत असते. दोन, भाषा. नोटीस इंग्रजीत, बोलणं इंग्रजीत, विनोदही इंग्रजीत, म्हणजे सगळे हसले की आपण उशिरा हसायचं. तीन, गेट.

गेटचं सांगतो, कारण ते मी पाहिलंय. मी मॅट्रिक. गोदीत काम करतो. अशाच एका विभागात, नाव घेत नाही, पहिली पाळी करून व्याख्यानाला गेलो होतो. कुणाला भेटायचंय? व्याख्यानाला आलोय. कुठल्या कॉलेजचे? कुठल्याच नाही. मग तो वरपासून खालपर्यंत बघतो. ते बघणं तुम्हाला ठाऊक आहे, वर्णन करत बसत नाही. आणि बघणारा वॉचमन आपल्यातलाच, ठेकेदाराचा माणूस, बारा तासांच्या ड्युटीवरचा. त्याच्यावर कसला राग धरायचा? फोन झाला, वहीत नाव-गाव झालं, आत पोचलो तेव्हा वीस मिनिटं गेली होती. मागच्या बाकावर बसलो. सगळ्या रुपयातलं मला कळलं ते चार आणे. पण ते चार आणे खणखणीत होते. ते आज तुम्हाला वाटतो. जिथं कमी पडलं तिथं नंतर पुस्तकांतून भर घातलीय.

विषय होता न्यूट्रिनो. हा एक कण आहे. अणूच्या गाभ्यातून कधीकधी इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आणि तेव्हा थोडी ऊर्जा हिशेबातून गायब होते. १९३० साली पाउली नावाचा शास्त्रज्ञ म्हणाला, कुणीतरी ती घेऊन जातंय, आपल्याला दिसत नाही एवढंच. मुकादमाच्या वहीत मजुरी कमी भरली की आपणही हेच म्हणतो. पाव शतक तो कण नुसता कागदावर राहिला. १९५६ साली अमेरिकेत राइन्स आणि कोवन या दोघांनी तो पकडला. कुठं? अणुभट्टीच्या शेजारी. कारण अणुभट्टी हा त्या कणांचा झरा आहे. युरेनियमचा गाभा फुटतो, त्याचे तुकडे अस्थिर असतात, ते स्थिर होता होता हे कण फेकत राहतात. नेमकं बोलायचं तर प्रतिन्यूट्रिनो.

तारापूरची ५४० मेगावॅटची एक भट्टी पूर्ण ताकदीनं चालते तेव्हा दर सेकंदाला एकावर वीस शून्यं, त्याहूनही जास्त असे कण बाहेर पडतात. काँक्रीटची भिंत, समुद्र, नारळाची झाडं, तुमची-माझी छाती, सगळ्यांतून आरपार. सूर्यातूनही येतात. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला सहा हजार कोटींहून जास्त. रात्रीसुद्धा येतात, पायाखालून, अख्खी पृथ्वी भेदून. अंगाला इजा काही नाही, कारण ते जवळजवळ कशालाच अडत नाहीत. घोटाळा करू नका : किरणोत्सार ही वेगळी गोष्ट आहे, त्याचे प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांची उत्तरं केंद्राच्या दारात उभं राहून मागितलीच पाहिजेत. हा कण मात्र निरुपद्रवी. जाताना कुणाचं काही नेत नाही.

पुढं ऐका. न्यूट्रिनो तीन प्रकारचे. १९९८ साली जपानमधल्या प्रयोगानं दाखवलं की हा कण वाटेत आपला प्रकार बदलतो. निघताना एक, पोचताना दुसरा. म्हणजे त्याला वस्तुमान आहे, शून्य नाही. या शोधासाठी २०१५चं नोबेल जपानचे काजिता आणि कॅनडाचे मॅकडोनाल्ड यांना मिळालं. जन्मानं मिळालेला प्रकार निसर्गात मरेपर्यंत चिकटून राहत नाही, हे ऐकून त्या हॉलमध्ये मागच्या बाकावर मी एकटाच हसलो. त्या वेळी मात्र बाकीच्यांना विनोद कळला नाही.

आणि अजून न सुटलेलं काय? तिघांत भारी कोण आणि हलका कोण, हा क्रम लागत नाहीये. तो लावायला चीनमध्ये जिआंगमेनजवळ जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर २०,००० टन द्रव भरलेला एक गोळा उभारलाय. ऑगस्ट २०२५मध्ये त्याचं मोजमाप चालू झालं. तो कुठले कण मोजतो? सुमारे ५३ किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांतून येणारे. बोईसरहून वसई जेवढी लांब, साधारण तेवढं अंतर. म्हणजे बघा, आज जगातल्या भौतिकशास्त्राचा पहिल्या रांगेतला प्रश्न अणुभट्टीच्या शेजारी सुटतोय, आणि अणुभट्टीच्या शेजारी पन्नासहून जास्त वर्षं राहणाऱ्या दांडीला तो प्रश्न आहे हेच कुणी सांगितलेलं नाही.

आता यातली आपली गोष्ट. अवकाशातून येणारे किरण पृथ्वीच्या हवेवर आदळतात तेव्हाही न्यूट्रिनो तयार होतात. हे हवेतले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा सापडले १९६५ साली, दोन ठिकाणी. एक ठिकाण कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण, जमिनीखाली २.३ किलोमीटर, टाटा संस्था, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम यांची तुकडी. दुसरं ठिकाण दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळची ईस्ट रँडची सोन्याची खाण, तीन किलोमीटरहून खोल. तिथं तोच राइन्स. कोलारचा निबंध थोडे दिवस आधी छापून आला.

एवढं खोल कशाला जायचं? वरून इतर कणांचा पाऊस सारखा चालू असतो, तो दगडानं अडवायचा. जो एवढ्या दगडातूनही खाली येतो तो न्यूट्रिनोच. ठीक. पण दगडात दोन किलोमीटर भोक पाडलं कुणी? कोलारची खाण इंग्रज कंपनीनं १८८०नंतर चालवली आणि पिंजऱ्यात बसून तळाला उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळ मुलखातले दलित. पंडित अयोती दासांच्या बौद्ध चळवळीची शाखा गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्या खाणीच्या वस्तीत होती. आपल्या दीक्षेच्या चाळीसहून जास्त वर्षं आधी! त्यांच्या छातीत दगडाची धूळ बसली, सिलिकोसिसनं माणसं गेली, दाबानं खडक फुटून माणसं गाडली गेली. आणि जोहान्सबर्गच्या खाणीत उतरणारे कोण? काळे मजूर, वर्णभेदाच्या राज्यात पास खिशात घेऊन फिरणारे. १९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, तेव्हा काळा माणूस आणि दलित यांची गाठ कवितेत पडली असं आपण म्हणतो. ती गाठ सात वर्षं आधी पाताळात पडली होती. एकाच कणासाठी जगात दोन भोकं वापरली, एक दलितानं खणलेलं, एक काळ्यानं.

व्याख्यानानंतर प्रश्न मागितले तेव्हा मी उठलो आणि मराठीत विचारलं : हे खणणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव कुणाला माहीत आहे का? हॉलमध्ये थोडं हसू झालं. पाहुणा हसला नाही. शेजाऱ्याकडून त्यानं प्रश्न इंग्रजीत करून घेतला आणि म्हणाला की त्याला एकही नाव माहीत नाही, आणि हे त्याला आजवर कुणी विचारलंही नव्हतं. मला तो माणूस आवडला. माझा दुसरा प्रश्न कणाबद्दलच होता, पण वेळ संपला. तो विचारायला आता तुम्ही जायचंय.

कुणी म्हणेल, मागच्या बाकावर बसून काय होतंय? लंडनमधल्या एका लोहाराच्या पोराची गोष्ट सांगतो. मायकेल फॅरेडे, जन्म १७९१. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडं उमेदवार म्हणून लागला. पुस्तकं बांधता बांधता वाचायचा. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. चार व्याख्यानं. पोरानं टिपणं काढली, घरी सुवाच्य लिहिली, चित्रं काढली, स्वतःच्या हातानं बांधून वही डेव्हीला पाठवली. १८१३ साली तिथं मदतनीस म्हणून लागला. पुढं युरोपच्या दौऱ्यात डेव्हीच्या बायकोनं त्याला नोकरासारखं वागवलं. वर्ग नावाची चीज तिकडंही होती. पण १८३१ साली त्याच माणसानं दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते. तारापूरला युरेनियमच्या उष्णतेनं वाफ होते, वाफेनं चक्र फिरतं, आणि चक्राच्या टोकाला वीज निर्माण होते ती त्या बुकबाइंडरच्या नियमानं. चार तिकिटांची किंमत किती, याचा हिशेब करा. आणि आपल्या वस्त्यांत तिकीट न मिळालेले किती फॅरेडे भट्टीवर, बोटीवर, नाक्यावर मेले, त्याचाही करा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मेघनाद साहा. जन्म १८९३, ढाक्याजवळचं खेडं, बाप छोटा दुकानदार, जात खालची मानलेली. कलकत्त्याच्या हिंदू हॉस्टेलात वरच्या जातीची पोरं त्याला पंगतीला घेत नव्हती. १९२० साली या माणसानं एक समीकरण मांडलं, ज्यानं ताऱ्याच्या प्रकाशावरून ताऱ्याचं तापमान वाचता येऊ लागलं. पंगतीतून उठवलेल्या माणसानं जगाला तारे वाचायला शिकवलं. पुढं १९५२ साली अपक्ष म्हणून लोकसभेत गेला आणि १९५४ साली तिथं उभं राहून अणुऊर्जेच्या कामातल्या गुप्ततेवर त्यानं टीका केली. हे काम बंद दाराआड नको, विद्यापीठांतून व्हायला हवं, हा त्याचा धोशा होता. त्याचं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर कदाचित आज मला इथं उभं राहावं लागलं नसतं.

पण सगळ्या गोष्टी फॅरेडे-साहांसारख्या संपत नाहीत, आणि आपण एकमेकांना खोटं सांगायला जमलेलो नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागात सेन्थिल कुमार नावाचा दलित विद्यार्थी पीएचडीला होता. तमिळनाडूतून आलेला. त्याला मार्गदर्शकच मिळाला नाही. २००८ साली त्यानं हॉस्टेलमध्ये जीव दिला. त्याच विद्यापीठात १७ जानेवारी २०१६ला रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात त्यानं लिहून ठेवलंय की त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. ताऱ्यांवर लिहायचं होतं त्या पोराला. आपण त्याच्या फोटोला हार घालतो, मोर्चात त्याचं नाव घेतो. त्याला जे लिहायचं होतं ते लिहायला आपल्यातला कोण बसलाय?

आणि दरवाजाला वरून कुलूपही आहे. २०१९ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमानं काही संस्था आरक्षणातून वगळल्या आणि त्यांची यादी जोडली. त्या यादीत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. आमच्या जमिनीला गुणवत्ता विचारली नाही, कोलारच्या फुप्फुसांना विचारली नाही. फळ्यापाशी उभं राहायचं म्हटलं की लगेच गुणवत्ता!

आता दोन आक्षेप. दोन्ही आपल्याच लोकांचे.

पहिला : आधी भाकर, मग तारे. दोस्तहो, हे वाक्य आपल्याला कुणी शिकवलं? तुमचं पोट मोठं, डोकं लहान, हे मनूपासून आपल्याला सांगत आलेत. भाकरीचा लढा सोडा असं मी म्हणत नाही. मी स्वतः रोजावर जगतो. पण खाडीतल्या पाण्यात काय आहे हे मोजायला रसायनशास्त्र लागतं, भट्टीजवळची हवा मोजायला भौतिकशास्त्र लागतं. ते आपल्याकडं नसेल तर तज्ज्ञ म्हणून समोरचाच येणार आणि सगळं ठीक आहे म्हणून सही करून जाणार. आणि मोजण्याचं राहू द्या. नुसतं रात्री वर बघून हे काय आहे असं विचारायचा हक्कही मला हवा आहे. त्याला उपयोगाचं कारण मी देणार नाही.

दुसरा आक्षेप : ते लोक येतातच की गावात. अणुऊर्जा किती चांगली, वीज किती स्वस्त, पत्रकं वाटतात, शाळेच्या पोरांना बस काढून दाखवतात. त्याला व्याख्यान म्हणू नका, ती जाहिरात. फरक एकाच गोष्टीवरून ओळखा : प्रश्नांना वेळ किती, आणि ‘मला माहीत नाही’ असं बोलणारा म्हणतो का. संशोधक तासाभरात चारदा म्हणतो. जाहिरातवाला जन्मात म्हणत नाही. आपल्याला पहिला माणूस हवाय.

होत नाही असं नाही. टाटा संस्थेच्या लोकांनी २००९ साली ‘चाय अँड व्हाय’ नावाचा कार्यक्रम काढला, रविवारी, फुकट, जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून मराठीत विज्ञान सांगतेय. नारायणगावजवळ खोडदला तीस अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीपाशी विज्ञानदिनाला गावोगावची पोरं एसटीनं येतात. चांगलं आहे. पण जुहू आणि माटुंगा झालं, आता बोईसर कधी?

म्हणून चार मागण्या मांडतो. शिबिरानं ठराव करावा.

पहिली. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागानं प्रत्येक व्याख्यानाची नोटीस मराठीतही काढावी आणि आठ दिवस आधी पालघर-बोईसरच्या कॉलेजांत, वाचनालयांत लावावी.

दुसरी. महिन्यातून एक व्याख्यान संध्याकाळी किंवा रविवारी, मराठीत. पाहुण्याला मराठी येत नसेल तर शेजारी सांगणारा बसवावा. न्यूट्रिनो मराठीत सांगता येतो. आत्ता मी, एक मॅट्रिक, सांगितलाच की.

तिसरी. ज्या संशोधनाला ज्या गावची जमीन लागते, त्याचं पहिलं व्याख्यान त्या गावात व्हावं, मंजुरीच्या आधी. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा करायला २०१५ साली केंद्रानं मंजुरी दिली. पोट्टिपुरमच्या आणि आसपासच्या लोकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, काम अडलं. विज्ञान मंजूर होऊन आलं की लोकांना ते पोलिसासारखं दिसतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा २०२३ साली मंजूर झाली. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू. तो बाहू कशासाठी लांब, हे औंढ्याच्या मजुराला दिल्लीच्या मंत्र्याएवढंच नीट समजावून सांगितलं पाहिजे.

चौथी. खाणीत, भट्टीत, धरणात, तरंगत्या बोटीवर ज्यांच्या श्रमावर प्रयोग उभा राहतो, त्यांची नावं प्रयोगाच्या इतिहासात लिहावीत.

आणि एक मागणी स्वतःकडं. प्रत्येक शाखेनं दर महिन्याला दोघांना व्याख्यानाला पाठवायचं, एक मुलगा, एक मुलगी. जाण्यायेण्याचं भाडं शाखेनं द्यायचं. त्यांनी वही न्यायची. समजेल ते लिहायचं, समजणार नाही तेही लिहायचं. परत आल्यावर वस्तीत, समाजमंदिरात, मच्छीमारांच्या ओट्यावर तेच व्याख्यान पुन्हा द्यायचं. पोरं प्रश्न विचारतील, उत्तर येणार नाही. मग ते प्रश्न घेऊन पुन्हा त्या हॉलमध्ये जायचं. सहा महिन्यांत बघा काय होतं ते.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला. त्यापायी आपली घरं जाळली, माणसं मारली. १४ जानेवारी १९९४ला बाबासाहेबांचं नाव वेशीवर लागलं. सोळा वर्षं एका पाटीसाठी. पाटी लागली. आता पाटीखालून आत जायचंय, जिना चढायचाय, भौतिकशास्त्र लिहिलेलं दार ढकलायचंय. तिथं दार ढकलल्यावर माना वळतील. वळू द्या. पुढं जायचं, पहिल्या रांगेत बसायचं, वही उघडायची.

पुढच्या महिन्यात कामाच्या दिवशी दुपारी चारला सुट्टी काढू शकतील अशांनी आत्ता हात वर करा. नावं लिहून घेतो.

जयभीम.